तंबाखू मुरते म्हणजे नेमकं काय होतं?

मित्रांनो, 'जुनं ते सोनं' ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की ती खरी आहे का, हे तपासून पाहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. घरी आजी सांगते, मसालेभात करायचा तर जुना तांदूळ घ्या, नव्याचा गिच्चा होतो. लोणचं मुरल्याशिवाय बरणी उघडू देत नाहीत. वैद्य लोक जुन्या तुपाची आणि जुन्या गुळाची महती सांगतात. एवढंच कशाला, हॉस्टेलवर सहावं वर्ष काढणाऱ्या आपल्या सिनिअरलासुद्धा आपण 'मुरलेला' म्हणतो!

पण मेसमधली कालची भाजी मुरत नाही, ती आंबते. पावसाळा खाल्लेलं सिमेंटचं पोतं सोनं होत नाही, दगड होतं. म्हणजे वेळ गेला की वस्तू सुधारतेच असं काही नाही. मग कोणती वस्तू मुरते आणि कोणती नुसती जुनी होते?

हा प्रश्न समजून घ्यायला एक गमतीशीर उदाहरण आहे, ते म्हणजे महागड्या सिगारचं. सिगारचे शौकीन छातीठोकपणे सांगतात की चांगली सिगार डब्यात चार-पाच वर्षं ठेवली की अधिक चांगली होते. क्युबाच्या सिगारच्या खोक्यावर तळाला ती कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी भरली याचा शिक्का असतो आणि जुन्या शिक्क्याच्या खोक्याला जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. परभणीत सिगार ओढणारा दिवा घेऊन शोधावा लागेल हे मान्य. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना रसायनशास्त्र लागतं, थोडं इन्स्ट्रुमेंटेशन लागतं, वाटेत निपाणीचा शेतकरी भेटतो आणि शेवटी गाडी आपल्याच खिशातल्या पुडीपाशी येऊन थांबते. म्हणून हा लेखप्रपंच.

क्युरिंग : स्लॅबचं आणि पानाचं

सिव्हिलच्या मित्रांना क्युरिंग म्हणजे काय हे सांगायला नको. स्लॅब टाकला की त्याच्यावर पाण्याची आळी करतात. सिमेंट आणि पाणी यांची क्रिया चालू राहते आणि काँक्रीटची ताकद वाढत जाते. सातव्या दिवशी साधारण 65 टक्के आणि 28 व्या दिवशी जवळपास पूर्ण. तेच सिमेंट पोत्यात पडून राहिलं तर हवेतला दमटपणा खाऊन 3 महिन्यांत सुमारे 20 टक्के, 6 महिन्यांत 30 टक्के आणि वर्षात 40 टक्के ताकद गमावतं, असं आपली पुस्तकं सांगतात. सिमेंट एकच, वेळही तेवढाच. फरक एवढाच की एका ठिकाणी हवी ती क्रिया हव्या त्या जागी झाली आणि दुसरीकडे नको तिथे.

तंबाखूच्या धंद्यातही क्युरिंग हाच शब्द आहे. हिरवं पान तोडून लगेच वाळवलं तर ते हिरवंच राहतं, जाळलं तर घशाला काटे टोचल्यासारखं होतं. म्हणून पान हळूहळू मारावं लागतं. सिगारची पानं हवेशीर शेडमध्ये दोऱ्यात ओवून टांगतात. महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त. पान तोडलं तरी त्यातल्या पेशी काही दिवस जिवंत असतात. तेवढ्या काळात हरितद्रव्य मोडतं, पिष्टाची साखर होते, ती साखरही बरीचशी खर्च होते. पान आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं.

सिगारेटच्या तंबाखूची रीत वेगळी. आंध्रात ती बंद भट्टीत गरम हवेवर आठवड्याभरात वाळवतात. पान लवकर वाळल्यामुळे साखर आतच अडकते आणि पान पिवळंधमक राहतं. आणि विडीची तंबाखू सरळ उन्हात वाळते. वनस्पती एकच, पण वाळवण्याच्या रीतीवरून माल तीन प्रकारचा होतो. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

ढिगाऱ्यातली भट्टी

वाळलेली पानं किंचित ओली करून सिगारवाले त्यांचे मोठे ढीग रचतात. शेतकऱ्याच्या घरच्या पोरांना हे लगेच कळेल. ओलं कडब्याचं कूड दाबून रचलं किंवा शेणखताचा उकिरडा हलवला की आतून वाफ येते ना, तसंच. ढिगाच्या पोटात तापमान चढत जाऊन 50 अंशांच्या आसपास पोचतं. फार चढू लागलं की ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. असं अनेकदा.

या उष्णतेत पानातली प्रथिनं मोडतात आणि अमोनिया सुटतो. या गोदामात पहिल्यांदा शिरणाऱ्याचे डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. थोडं निकोटीनही कमी होतं. त्यानंतर पानांच्या गासड्या बांधून एक, दोन, कधी तीन-चार वर्षं ठेवून देतात. जाड, कडक पान जास्त वर्षं आणि वरून गुंडाळायचं पातळ पान कमी वर्षं. सिगारेटची तंबाखूसुद्धा कारखान्यात जाण्याआधी गोदामात वर्ष-दोन वर्षं ठेवली जाते.

म्हणजे 'मुरवणं' ही नुसती शौकिनांची कल्पना नाही. सिगार वळली जाण्याच्या आधीच तिच्या पानाने काही वर्षं काढलेली असतात. ते मुरणं झालं नसेल तर ती ओढण्याजोगी होतच नाही. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो पुढच्या टप्प्याचा.

वळून झाल्यावर काय?

सिगार वळताना पानं पुन्हा ओलसर करावी लागतात, नाहीतर तुटतात. ओल आली की थंडावलेल्या क्रिया परत थोड्या जाग्या होतात आणि पुन्हा थोडा अमोनिया सुटतो. म्हणून वळलेल्या सिगार 'स्पॅनिश सीडर' म्हणतात त्या लाकडाच्या खोलीत काही आठवडे ते काही महिने विसाव्याला ठेवतात. विकत घेतल्यावर शौकीन माणूस तेच काम पुढे चालू ठेवतो.

आता जरा गणित करू. समजा सिगारमध्ये उरलेला अमोनिया दर 6 महिन्यांनी निम्मा होतो. (हा आकडा फक्त गणितासाठी धरला आहे.) मग वर्षाने 25 टक्के उरेल, दोन वर्षांनी सव्वासहा टक्के आणि तीन वर्षांनी दीड टक्का. तिसऱ्या वर्षानंतर काढायला उरलंच काय? प्रत्येक ब्रँडचा वेग वेगळा असेल, पण वक्राचा आकार हाच राहणार. सुरुवातीला भराभर फायदा, नंतर सपाट.

दुसरीकडे, ज्या सुगंधी तेलांसाठी माणूस एवढे पैसे मोजतो, तीही त्याच दारातून बाहेर जात असतात. अमोनिया हलका म्हणून आधी पळतो, तेलं जड म्हणून सावकाश जातात, पण जातात. एक वक्र 'झोंबणं' कमी होण्याचा, दुसरा 'सुगंध' कमी होण्याचा. दोन्ही एकाच कागदावर काढा, म्हणजे मधे कुठेतरी एक शिखर दिसेल. कडक सिगारचं शिखर काही वर्षांनी येतं, सौम्य सिगारचं लवकर येतं. शिखर उलटून गेलं की पुढे ती नुसती म्हातारी होते. आणि मुळात पान हलकं असेल तर दहा वर्षं ठेवूनही ते हलकंच राहतं. कच्च्या मालात जे नाही ते वेळ घालू शकत नाही.

मग वीस-वीस वर्षांच्या सिगारची तारीफ करणारे खोटं बोलतात का? तसंही नाही. 2008 साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एकच वाईन लोकांना दोनदा दिली, एकदा स्वस्त सांगून आणि एकदा महाग सांगून. लोकांना 'महाग' वाईन जास्त आवडली आणि मेंदूच्या तपासणीतही त्या वेळी आनंदाशी संबंधित भाग जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ते थापा मारत नव्हते, त्यांना खरंच तसं लागत होतं. खोक्यावरचं जुनं वर्ष वाचलं की जीभ आधीच तयार होते. त्यामुळे नावं झाकून चव घेतल्याशिवाय असल्या मतांवर फार भिस्त ठेवता येत नाही.

परभणीच्या हवेत मुरेल का?

सिगारसाठी तापमान 18 ते 21 अंश आणि हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्के ठीक मानतात. आता आपली परभणी घ्या. मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे आणि हवा अशी कोरडी की दोरीवर टाकलेली जीन्स तासाभरात कडकडीत. श्रावणात उलटं, कपाटातल्या चपलेला बुरशी. म्हणजे इथे उघड्यावर ठेवलेली सिगार उन्हाळ्यात तडकणार आणि पावसाळ्यात बुरसणार. तिचं मुरणं राहिलं बाजूला.

कुणाला वाटेल, तापमान जास्त म्हणजे क्रिया जलद, मग पाच वर्षांचं काम वर्षात होईल! दर 10 अंशांना क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हे आपण केमिस्ट्रीत शिकलो आहोत. पण हा नियम प्रत्येक क्रियेला सारखा लागू पडत नाही. हवी ती क्रिया दुप्पट होते तेव्हा नको ती तिप्पट झालेली असू शकते. लोणच्याची बरणी गॅसवर ठेवली तर ते लवकर मुरतं का? तसंच हे.

उष्णतेचा आणखी एक शत्रू आहे. तंबाखूत एक बारीक तपकिरी भुंगेरा होतो, लासिओडर्मा सेरिकॉर्न नावाचा. थंडाव्यात त्याची अंडी गप्प पडून राहतात, हवा 24-25 अंशांच्या वर गेली की फुटू लागतात. अळी पानं पोखरते आणि सिगारला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. वसमत भागातल्या मित्रांनो, हा पाहुणा तुमच्या ओळखीचा आहे. साठवलेल्या हळकुंडाला भोकं पाडणाऱ्यांत हाच भुंगेरा असतो. धने, मिरची, मसाले, कशालाही तो नाही म्हणत नाही.

सिगारवाल्यांची एक युक्ती मात्र खरंच शिकण्यासारखी आहे. ते आर्द्रतामापक घरच्या मिठाने तपासतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा, पण विरघळू देऊ नका. ते झाकण आणि आर्द्रतामापक एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा 75 वर हवा. 71 दाखवत असेल तर तुमचं यंत्र 4 ने कमी दाखवतं. मिठाच्या संतृप्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर राहते, यावर हे चालतं. आपल्या लॅबमधल्या यंत्रावर करून पाहा. बियाण्याची किंवा हळदीची साठवण करणाऱ्या घरीही याचा उपयोग आहे.

निपाणी : थांबायलाही पैसा लागतो

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराचा वकील असद बेग 1604-05 च्या सुमारास विजापूरहून परतताना बादशहासाठी तंबाखू आणि हुक्का घेऊन गेला होता, त्याने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी ही चीज दख्खनमध्ये रुजली होती. पुढे तमिळनाडूत तिरुचिरापल्ली आणि दिंडीगूलकडे चिरूट वळला जाऊ लागला. 'चिरूट' हा शब्दच मुळी तमिळ 'सुरुट्टु' वरून आला आहे. मराठी मुलखात मात्र सिगार रुजली नाही. इथे रुजली विडी आणि चुन्याबरोबरची पुडी. आणि विडीच्या तंबाखूचं मोठं नाव म्हणजे सीमाभागातलं निपाणी.

बेळगाव जिल्ह्यातल्या या गावात तंबाखूच्या वखारीच वखारी होत्या. शेतकऱ्याने पीक काढायचं, उन्हात वाळवायचं आणि वखारीत आणून घालायचं. वखारीत तंबाखू चाळायची, पाखडायची, पोती भरायची हे काम बायकांचं. दिवसभर खाट उडणार, ती नाका-डोळ्यांत जाणार. या कामगार स्त्रियांच्या संघर्षावर युगांतर या गटाने 1982 साली एक माहितीपट केला होता.

आता विचार करा. माल ठेवून दिल्याने त्याची किंमत वाढत असेल, तर ती वाढ कुणाच्या पदरात पडते? जो थांबू शकतो त्याच्या. ज्याच्या घरी दुकानदाराची उधारी आहे, सोसायटीचं कर्ज आहे, त्याला फेब्रुवारीत काढलेली तंबाखू फेब्रुवारी-मार्चमध्येच विकावी लागते. वखारवाला थांबू शकतो, कारण त्याच्याकडे भांडवल आहे. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला. तीन आठवड्यांहून जास्त दिवस हजारो शेतकरी रस्त्यावर बसून होते. 6 एप्रिल 1981 ला पोलिसांनी गोळीबार केला आणि 12 शेतकरी मारले गेले. तंबाखूचा इतिहास सांगताना सिगारच्या खोक्यावरची तारीख आठवते, तशी ही तारीखही आठवली पाहिजे.

आपल्या जिल्ह्यात तंबाखू नाही, पण गोष्ट तीच आहे. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन मोंढ्यात येतं तेव्हा भाव पडलेला असतो आणि थांबायची ऐपत नसलेला माणूस आहे त्या भावात देऊन येतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे ती याचसाठी. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. घरी सांगा, पुष्कळांना माहीत नसते.

झोंबणं गेलं, विष गेलं का?

आता मुख्य मुद्दा. मुरलेली तंबाखू 'सौम्य' लागते. सौम्य लागते म्हणजे कमी वाईट असते, असं मनात कुठेतरी बसतं. सिगारवाले तर म्हणतात, आम्ही धूर आत घेतच नाही.

इथे सुरुवातीचा क्युरिंगचा फरक कामाला येतो. सिगारेटच्या पानात साखर असते म्हणून तिचा धूर आम्लधर्मी. तो छातीत घेतल्याशिवाय निकोटीन नीट शोषलं जात नाही. सिगारच्या पानातली साखर संपलेली, त्यात अमोनियासारखी अल्कली द्रव्यं, म्हणून तिचा धूर अल्कधर्मी. अल्कधर्मी माध्यमात निकोटीन मोकळं होतं आणि थेट तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं. धूर आत घ्यायची गरजच पडत नाही!

ही युक्ती आपल्या आजोबांना केमिस्ट्री न शिकता ठाऊक होती. तळहातावर तंबाखू मळताना चुना का लावतात? चुना अल्कली आहे म्हणून. ज्या वाटेने सिगारचं निकोटीन रक्तात जातं त्याच वाटेने चुना लावलेल्या तंबाखूचं जातं. हवाना आणि परभणी यांत या बाबतीत काही अंतर नाही. शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये 15 ग्रॅमपेक्षाही जास्त तंबाखू असू शकते, म्हणजे जवळपास सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी.

मुरण्याने जातो तो अमोनिया, झोंबणं, कडवटपणा. निकोटीन थोडं कमी होतं, पण भरपूर उरतं. आणि तंबाखूतली जी खास कर्करोगकारक द्रव्यं आहेत, नायट्रोसामाइन्स म्हणतात ती, त्यांची गोष्ट उलटीच आहे. हिरव्या पानात ती जवळजवळ नसतात. ती तयार होतात वाळवताना, ढिगात आणि साठवणुकीत. पानातल्या नायट्रेटचं जिवाणू नायट्राइट करतात आणि त्याची निकोटीनच्या कुळातल्या द्रव्यांशी क्रिया होते. यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, पहिल्या गटात, माणसात कर्करोग घडवणारी म्हणून नोंदवली आहेत. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची स्नूस नावाची तंबाखू बनवताना उष्णता देऊन जिवाणू मारतात आणि माल थंड जागी ठेवतात, तो याच कारणासाठी. म्हणजे उबदार, दमट जागी मुरत ठेवलेली तंबाखू जिभेला जेवढी मऊ लागते, तेवढीच आतून अधिक घातक झालेली असू शकते. शिवाय पेटवल्यावर धुरातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर हे पान जुनं की नवं असं बघत नाहीत.

खरं तर झोंबणं ही शरीराने दिलेली धोक्याची घंटा आहे. मुरवण्याची सगळी कला ती घंटा काढून टाकण्याची आहे. आग तशीच राहते, फक्त अलार्म वाजत नाही. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी याला काय म्हणतात ते सांगावं!

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी सुमारे 24 टक्के लोक बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले आणि ओढणारे 4 टक्क्यांच्याही आत. म्हणजे आपला प्रश्न सिगारचा नाही, पुडीचा आहे. 2003 च्या कायद्याने कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरवर, तंबाखू विकायला बंदी आहे. आपल्या गेटपासून टपरी किती मीटरवर आहे, हे सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला चेन घेऊन मोजायला हरकत नाही.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर असं. सिगार मुरते, हे खरं. बरंचसं मुरणं वळायच्या आधी होतं, नंतर काही वर्षं थोडाफार फायदा, पुढे उतरण. आणि जे सुधारतं ते फक्त चवीपुरतं. एखादी गोष्ट मुरली असं कुणी म्हटलं की दोन प्रश्न विचारायचे. या काळात त्यातून काय गेलं? आणि काय तसंच राहिलं? सिनिअरच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न लागू आहेत.

ज्यांना पुडी सोडायची आहे त्यांच्यासाठी 1800-112-356 ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. सवय जितकी मुरते तितकी सुटायला जड जाते, तेव्हा हा नंबर आजच लिहून ठेवा.